‘स्मोक’ : बाबांबरोबर बघितलेला एका दुकानाचा पिक्चर

गेल्या रविवारी रात्री जेवणं आटपली आणि मी बाबांना म्हटलं, एक पिक्चर लावते, दुकानाचा आहे, बसा जरा. तर म्हणाले, "दुकानाचा कसला पिक्चर? दुकानात काय असतं बघण्यासारखं?" ठाण्याला नौपाड्यात गोखले रोडच्या आतल्या एका गल्लीत २८ वर्षं जनरल स्टोअर चालवलेला माणूस हे म्हणतोय. मी काही बोलले नाही, लावला. पिक्चर आहे १ तास ५२ मिनिटांचा, आम्हाला तीन तासांच्या वर लागले, कारण इंग्लिश मी समजावून सांगत होते आणि मध्येच बाबा "थांब, थांब, मागे घे" म्हणत होते. आणि त्यांनी जिथे जिथे थांबवला ना, त्यातल्या बऱ्याच जागा मी पहिल्यांदा एकटीने बघताना तशाच पुढे जाऊ दिल्या होत्या. म्हणून लिहायला बसले. यातलं अर्धं माझं आहे, अर्धं त्यांचं.

पिक्चरचं नाव ‘स्मोक’, १९९५ चा, डायरेक्टर वेन वाँग, लिहिलाय पॉल ऑस्टर यांनी. ऑस्टर म्हणजे न्यूयॉर्कचे मोठे कादंबरीकार, २०२४ मध्ये गेले. १९९० च्या नाताळच्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्यांची एक छोटीशी गोष्ट छापून आली होती, ब्रुकलिनमधल्या एका सिगारवाल्याची, ती वाँगनी वाचली आणि त्यातून हा पिक्चर उभा राहिला. बर्लिनच्या फेस्टिव्हलला सिल्व्हर बेअर नावाचं बक्षीस मिळालंय. हार्वी कायटेल, विल्यम हर्ट, फॉरेस्ट व्हिटेकर अशी मोठी नावं आहेत पण कोणी आपण स्टार आहोत असं वागत नाही. मोठे सेट नाहीत, नाचगाणी नाहीत, माणसं येतात, बसतात, बोलतात, सिगार ओढतात, ऐकून घेतात. ज्यांना असलं बघताना झोप येते त्यांनी आपलं आधीच ठरवा, मला मात्र दोन्ही वेळा जागेवरून उठवलं नाही.

१९९० चा उन्हाळा. ऑगी नावाचा माणूस ब्रुकलिनच्या एका कोपऱ्यावर सिगारचं दुकान सांभाळतो. दुकान केवढं तर आपल्याकडे राम मारुती रोडच्या मागच्या गल्ल्यांत असतात तेवढंच, आत दोन-तीन माणसं नुसती गप्पा मारायला टेकलेली, झाडू मारणारा एक साधा पोरगा, काउंटरवर पेपर, बेसबॉलच्या टीमला शिव्या. तिथे पॉल नावाचा लेखक सिगारचे डबे घ्यायला येतो, त्याचं लिखाण बंद पडलंय. मग रशीद नावाचा १७ वर्षांचा मुलगा, जो स्वतःचं नाव प्रत्येकाला वेगळं सांगतो. मग ऑगीची जुनी मैत्रीण रूबी, एका डोळ्यावर पट्टी. मग शहराबाहेर पेट्रोल पंप आणि गॅरेज चालवणारा सायरस, त्याचा डावा हात नाही, हुक आहे. पाच माणसं, पाच भाग, प्रत्येक भागाला एकेकाचं नाव. कोणाचं कोणाशी काय लागतं हे हळूहळू उलगडत जातं.

बाबांनी पहिला पॉज मारायला लावला तो अगदी सुरुवातीला. पॉल दुकानात बसलेल्यांना एक किस्सा सांगतो की राणी एलिझाबेथच्या दरबारातल्या सर वॉल्टर रॅलेने पैज लावली होती, धुराचं वजन करून दाखवतो म्हणून. सगळे म्हणतात धुराचं कसं वजन होईल. तर त्याने काय केलं, आधी अख्खी सिगार तराजूत घातली, मग ती ओढली, राख सगळी पारड्यातच झाडली, शेवटी थोटूक ठेवलं, आणि जेवढं कमी भरलं तेवढा धूर. मी हे अर्धं सांगितलं तोवर बाबांनी पुढचं सांगून टाकलं. म्हणाले, "अगं हे काय नवीन, धडा करतो तसंच की." आमच्याकडे सुटं तेल मिळायचं तेव्हा गिऱ्हाईक घरून बरणी घेऊन यायचं, आधी रिकाम्या बरणीचा धडा करायचा, मग तेल. कोणाची बरणी जड, कोणाची हलकी, बाबांना न बघता ठाऊक असायचं, तरी धडा करायचेच, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर. मापात पाप नको हे वाक्य मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलंय की मला ते देवाच्या आरतीतलं वाटायचं. त्यांना त्या धुराच्या किश्श्यात गंमत वाटली नाही, हिशोब वाटला, आणि ते खुर्चीत पुढे सरकून बसले. तिथून पिक्चर त्यांचा झाला.

दुसरा पॉज. पॉल सिगार घेऊन जातो, आणि तो गेल्यावर ऑगी बाकीच्यांना सांगतो की ह्याची बायको काही वर्षांपूर्वी इथेच रस्त्यावर गेली. जवळच दरोडा पडला होता, गोळीबार झाला, भरकटलेली एक गोळी तिला लागली. पोटुशी होती. आणि गोळी लागायच्या जरा आधी ती ह्याच दुकानातून नवऱ्यासाठी सिगार घेऊन बाहेर पडली होती. ऑगी म्हणतो, त्या दिवशी तिने मला अगदी मोजून सुट्टे पैसे दिले, सुट्टे नसते किंवा दुकानात जरा गर्दी असती तर तिला निघायला चार सेकंद जास्त लागले असते, आणि मग कदाचित ती त्या गोळीच्या वाटेत आलीच नसती.

बाबांनी हाताने खूण केली, थांबव. बराच वेळ नुसते बसले. मग म्हणाले, "माझ्याकडे रोज शंभर माणसं सुट्ट्यासाठी ताटकळायची. कोण कशातून वाचलं असेल काय माहीत."

मी हे कधी असं बघितलंच नव्हतं. सुट्टे म्हणजे आमच्या घरातली रोजची कटकट, आई बँकेतून नाण्यांच्या पिशव्या आणायची, बाबा एक रुपयाच्या बदल्यात गोळी द्यायला नाराज असायचे, "पैशाच्या जागी गोळी दिली तर पोरांना वाटेल दुकानदार लबाड असतो." २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये ५०० आणि १००० च्या नोटा बंद झाल्या तेव्हा तर आख्खी गल्ली उधारीवर चालली होती, ती वही सगळ्यात जाड झाली. पण त्या सुट्ट्याच्या निमित्ताने माणूस दोन मिनिटं काउंटरला टेकायचा ना, तेव्हा बोलणं व्हायचं, मुलाची दहावी, सासऱ्यांचा गुडघा, कोणाची बदली. आता मी स्वतः कुठल्याही दुकानात जाते, क्यूआर कोड स्कॅन करते, ४७ चे ४७ जातात, तो स्पीकर ओरडून सांगतो आले म्हणून, आणि मी निघते. दुकानदाराचा चेहरा विचाराल तर सांगता येणार नाही. मला सोय हवीच आहे, मी नाही म्हणत की परत नाणी मोजत बसा, पण पॉलच्या बायकोचा तो प्रसंग बघितल्यापासून मी निदान स्कॅन करताना मान वर करते.

आता मुख्य प्रसंग, ज्यासाठी हा पिक्चर बघायचाच. रात्री ऑगी शटर ओढत असतो आणि पॉल धावत येतो, सिगार संपलेत म्हणून. ऑगी कुलूप काढून परत उघडतो. इथे बाबा खूश. आमच्याकडे नियमच होता की शटर अर्धं खाली आलं असलं तरी गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही, पूर्ण खाली येऊन कुलूप लागलं की मात्र संपलं, आणि तरी औषधासाठी कोणाला मध हवा असेल, बाळाचं दूध हवं असेल तर मागच्या दाराने. तर पॉलला काउंटरवर कॅमेरा दिसतो, विचारतो कोणाचा, ऑगी म्हणतो माझाच, मी फोटो काढतो. आणि घरी नेऊन त्याला आल्बम दाखवतो. एकामागून एक काळी पानं. रोज सकाळी ८ वाजता, त्याच जागेवर ट्रायपॉड लावून, दुकानाच्या कोपऱ्याचा एक फोटो, थर्ड स्ट्रीट आणि सेव्हन्थ ॲव्हेन्यू. ऊन, पाऊस, बर्फ, काहीही असो. चार हजारांच्या वर फोटो.

पॉल पानं भराभर उलटतो. म्हणतो सगळे सारखेच आहेत की. ऑगी म्हणतो असं पळालास तर तुला काही कळणार नाही, सावकाश बघ. मग सांगतो की सारखे आहेत पण प्रत्येक वेगळा आहे, कधी ऊन तिरकं, कधी सरळ, सुट्टीच्या दिवसांची माणसं वेगळी, कामाच्या दिवसांची वेगळी, कोटातली, टी-शर्टमधली, कधी तीच माणसं परत, कधी नवीन, कधी जुनी दिसेनाशी होतात. मग पॉल हळू होतो, कॅमेराही हळू होतो, एकेक फोटो आपल्याला अख्खा स्क्रीनभर दाखवतात, पार्श्वभूमीला फार काही नाही. आणि मग एका फोटोत पॉलला त्याची बायको दिसते. कामाला चाललेली. तो रडायला लागतो. ऑगी त्याच्या खांद्यावर हात ठेवतो, बस.

विल्यम हर्ट यांनी तिथे जे केलंय ते मी लिहून सांगू शकत नाही. रडण्याआधी एक क्षण चेहऱ्यावर नुसता आनंद येतो, आपलं माणूस अचानक रस्त्यात भेटल्यावर येतो तसा, आणि मग कळतं की ती नाहीये.

पण मला ज्याने हलवलं ते त्याच्या जरा आधीचं वाक्य आहे. ऑगी म्हणतो, म्हणून तर मला सुट्टी घेता येत नाही, रोज त्याच वेळी त्याच जागेवर असावं लागतं. आमच्या घरात ह्या एका गोष्टीवरून किती भांडणं झालीत. वर्गातल्या मुली मे महिन्यात महाबळेश्वर, कोकण, कुठे कुठे जायच्या, आम्ही कधीच नाही, कारण दुकान. दिवाळी पहाटेला तलावपाळी माणसांनी फुललेली, बाबा नाही, कारण सकाळी लोकांना पणत्या, वाती, उटणं लागतं. पाडव्याची स्वागतयात्रा आमच्या कोपऱ्यावरून जायची ती त्यांनी गल्ल्यामागून बघितली. गडकरी रंगायतन घरापासून चालत दहा मिनिटांवर, त्यांनी तिथे एक नाटक अख्खं बघितलेलं मला आठवत नाही. मी मोठी झाले तशी मला त्यांची दया यायला लागली, बिचारा माणूस, आयुष्यभर १५० चौरस फुटांत उभा राहिला, काहीच बघितलं नाही. मी हे त्यांना एकदा तोंडावर बोलले सुद्धा आहे, २०-२१ वर्षांची असताना. ते तेव्हा काही बोलले नव्हते.

आणि आता हा सिनेमा मला सांगतोय की त्या माणसाने रोज बघितलं. तेवढंच एक काम केलं. ऑगीच्या फोटोंमध्ये जे आहे, कोण आता कोटात आहे, कोण दिसेनासं झालं, ते बाबांना सगळं तोंडपाठ आहे. मी पिक्चर थांबवून विचारलं, की बाबा, आपल्या कोपऱ्यावर सकाळी ८ ला काय दिसायचं हो? आणि ते जे सुरू झाले. दुधाचे क्रेट, त्यांच्याखाली ओल. शाळेचे व्हॅनवाले. स्टेशनकडे पळणारे, त्यातले ८:१४ वाले कोण आणि ८:२२ वाले कोण. एक बाई रोज समोरून जाताना पदर खोचायच्या, एके दिवशी पंजाबी ड्रेसमध्ये दिसल्या, तेव्हापासून कायम पंजाबी ड्रेस. एक मुलगा आधी आईचा हात धरून, मग एकटा, मग सायकल, मग टाय लावून, मग दिसेना, मग तीन वर्षांनी कडेवर मूल घेऊन. "आणि तू," म्हणाले, "तू ७:५० ला निघायचीस आणि कोपऱ्यावर वळताना मागे बघायचीस. आठवीनंतर बघणं बंद केलंस."

मला हे माहीत नव्हतं.

मग मी वह्यांचं विचारलं. आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली तेव्हा दुकानही रिकामं करावं लागलं, आता आम्ही पाचपाखाडीला भाड्याने राहतो. माळ्यावर उधारीच्या वह्या होत्या, २८ वर्षांच्या, लाल कापडी पुठ्ठ्याच्या. रोजच्या पानावर वर श्री, तारीख, आणि त्याखाली सकाळची भवानी कोणी केली ते: "भवानी – ब्रेड १, बटर १, पहिला मजला." रोज. म्हणजे आमच्याकडे पण आल्बम होताच की. आणि आम्ही तो रद्दीत घातला. मला आठवत होतं की शिफ्टिंगच्या आधी दोन रात्री बाबा जमिनीवर मांडी घालून त्या वह्यांत काहीतरी करत बसले होते, आणि मी चिडले होते की टेम्पो सकाळी येणार आहे आणि तुम्ही हे काय घेऊन बसलात. मी विचारलं, तेव्हा काय शोधत होतात? म्हणाले, शोधत नव्हतो, फाडत होतो. नावं होती ना उधारीवाल्यांची. कोणी किती महिने दिले नाहीत, कोणाच्या घरी कधी अडचण होती, सगळं त्यात होतं. रद्दीवाला त्याच पानांच्या पुड्या बांधून देणार कोणालातरी, गल्लीतल्याच कोणाच्या हातात पडलं तर? नावांची पानं फाडली, बादलीत भिजवली, लगदा केला आणि टाकला. उरलेले पुठ्ठे आणि कोरी पानं तेवढी रद्दीत.

मी किती वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. पॉज केलेल्या टीव्हीवर ऑगी आल्बम उघडून बसलेला. त्याच्यात आणि बाबांच्यात एवढाच फरक, त्याने आपलं बघणं एका मित्राला दाखवलं, बाबांना ते नष्ट करावं लागलं, कारण त्यात लोकांची अब्रू होती. आणि तरी बघा, ऑगी पण पॉलच्या तोंडावर त्याच्या बायकोचा विषय काढत नाही, तो गेल्यावरच बोलतो. दुकानदाराला सगळं माहीत असतं, त्यातलं काय कोणासमोर काढायचं आणि काय पोटात ठेवायचं ही जी त्याची समज आहे ना, ती मी दुसऱ्या कुठल्या पिक्चरमध्ये इतकी नीट बघितलेली नाही. हा पिक्चर मला आवडला तो त्यासाठी.

बाकीचं जरा भरभर सांगते. रशीदकडे चोरांच्या हातून पडलेले पैसे असतात, जवळजवळ सहा हजार डॉलर, ते तो पॉलच्या घरात पुस्तकांच्या मागे लपवतो. मग तो ऑगीच्या दुकानात कामाला लागतो आणि त्याच्या चुकीने ऑगीचे चोरून आणलेले क्यूबन सिगार पाण्यात भिजून जातात, ५ हजार डॉलरचा माल. रशीद तेच पैसे ऑगीला भरून देतो. ऑगी ते रूबीला देतो, कारण रूबी म्हणते आपल्याला एक मुलगी आहे आणि ती नशेत अडकलीये. मुलगी ऑगीची आहे का हे रूबीलाही नक्की सांगता येत नाही, तरी देतो. म्हणजे चोरीचा पैसा फिरत फिरत कुठे जाऊन पोचतो बघा. बाबा म्हणाले त्यांच्या गल्ल्यात कोपऱ्याला टेप लावलेली १० ची एक नोट वर्षभरात तीनदा परत आली होती, तिसऱ्यांदा आली तेव्हा त्यांनी ती देव्हाऱ्यात ठेवून दिली.

सायरस म्हणजे रशीदचा बाप, लहानपणीच सोडून गेलेला, आणि मुलगा आपण कोण हे न सांगता समोर रस्त्याच्या पलीकडे बसून त्याच्या गॅरेजचं चित्र काढत राहतो. परत बघणंच. फॉरेस्ट व्हिटेकर यांचा राग आणि ओशाळेपण एकाच चेहऱ्यावर दिसतं. खरं काय ते बाहेर पडल्यावर मारामारी होते, आणि मग सगळे एका टेबलाभोवती बसतात, कोणी बोलत नाही, सिगार फिरतात. तो शॉट बराच वेळ तसाच धरून ठेवलाय, आणि बरोबर केलंय.

आता जे नाही आवडलं ते. रूबीचा भाग कच्चा आहे. मुलीला भेटायला जातात तो प्रसंग नुसता आरडाओरडा आहे, मुलगी झालेली ॲश्ले जड चांगली अभिनेत्री आहे पण तिला एकच सूर दिलाय, ती शिव्या देते आणि आपण बाहेर पडतो. आणि एकूणच बायका ह्या पिक्चरमध्ये गेलेल्या तरी आहेत, नाहीतर मदत मागायला आलेल्या, नाहीतर ओरडणाऱ्या. दुकानात बसलेले सगळे पुरुष. आमच्या दुकानात दिवसभरात दहातली सात गिऱ्हाइकं बायका असायच्या आणि गल्लीचा खरा इतिहास त्यांच्याकडे होता, म्हणून मला हे खूप जाणवलं. दुसरं म्हणजे योगायोग जरा जास्तच जुळून येतात, आणि रशीद कधीकधी १७ वर्षांच्या मुलासारखा न बोलता लेखकाने लिहून दिल्यासारखा बोलतो. बाबांची तक्रार वेगळी, सगळे सारखे धूर सोडतायत. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही हा कायदा २००३ मध्ये आला, बाबांनी त्याच्या कितीतरी आधी सिगारेट-विडी ठेवणं बंद केलं होतं, शाळेतली मुलं मित्रांसाठी म्हणून मागायला लागली तेव्हा. त्यांना ऑगी आवडला पण त्याचा माल नाही आवडला, असं स्पष्ट म्हणाले.

इथून पुढे शेवट आहे, ज्यांना नको त्यांनी इथे थांबा, बघून या.

पॉलला न्यूयॉर्क टाइम्सकडून नाताळची गोष्ट लिहायचं काम मिळतं आणि त्याला काही सुचत नाही. ऑगी म्हणतो मला जेवायला घाल, तुला खरी घडलेली गोष्ट देतो. दोघं हॉटेलात बसतात आणि ऑगी सांगायला लागतो. १९७६ मध्ये एक पोरगा दुकानातून चोरी करून पळाला, पळताना त्याचं पाकीट पडलं, त्यात पत्ता आणि लहानपणीचे फोटो. ऑगीला दया आली, पोलिसांत दिलं नाही. नाताळच्या दिवशी एकटा होता म्हणून पाकीट परत द्यायला गेला. दार उघडलं एका आंधळ्या म्हातारीने, त्या पोराची आजी. ती म्हणाली मला माहीत होतं तू येशील. आणि ऑगीने नकळत तिला मिठी मारली, नातू असल्यासारखी. आजीला कळलं का हा आपला नातू नाही? ऑगीला वाटतं कळलं होतं, पण दोघांनीही ते बोलायचं नाही असं न बोलताच ठरलं. तो खाली जाऊन चिकन वगैरे घेऊन आला, दोघं जेवले. मग बाथरूममध्ये त्याला नवेकोरे कॅमेरे दिसले, बॉक्समधले, नातवाने कुठूनतरी चोरलेले, आणि ऑगीने त्यातला एक उचलला. बाहेर येऊन बघतो तर आजी झोपलेली. तोच हा कॅमेरा, रोज ८ वाजताचा. पुढे काही महिन्यांनी परत करायला गेला तर तिथे दुसरेच लोक राहत होते.

हे सगळं हार्वी कायटेल नुसतं बसून सांगतात आणि कॅमेरा इतका हळू जवळ जातो की कळतच नाही, शेवटी फक्त ओठ आणि डोळे उरतात. मग नावं पडायला लागतात तेव्हा तीच गोष्ट परत दाखवतात, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये, शब्द नाहीत, वर टॉम वेट्सचं गाणं. ऐकताना आपण जी आजी मनात उभी केलेली असते ती आणि पडद्यावरची, दोन्ही एकदम डोळ्यांसमोर असतात. गोष्ट खरी की ऑगीने जेवणासाठी रचली हेही तसंच सोडून दिलंय, त्याच्या हसण्यावर.

मी बाबांना विचारलं, कॅमेरा उचलला ते बरोबर का? म्हणाले चोरी ती चोरी. मग जरा वेळाने म्हणाले, पण जेवला ना तिच्याबरोबर.

आणि मला एकदम आमच्या गल्लीतल्या एक आजी आठवल्या, दुसऱ्या मजल्यावरच्या. मी चौथी-पाचवीत असेन. त्यांना विसर पडायला लागला होता. सकाळी बिस्किटाचा पुडा घेऊन जायच्या, तासाभराने परत यायच्या, तोच पुडा मागायला, दुपारी परत. बाबा प्रत्येक वेळी तितक्याच उत्साहाने "या आजी, काय देऊ" म्हणून पुडा द्यायचे आणि त्यांनी दिलेली नाणी गल्ल्यात न टाकता एका वेगळ्या पत्र्याच्या डबीत टाकायचे. संध्याकाळी त्यांची सून मागच्या दाराने यायची, जास्तीचे पुडे परत द्यायची, बाबा डबी रिकामी करून पैसे तिच्या हातात ठेवायचे. दुसऱ्या दिवशी तेच पुडे, तीच नाणी. आजींना कोणी कधी सांगितलं नाही की तुम्ही मगाशीच येऊन गेलात. माझ्या तोंडून एकदा निघणार होतं तर बाबांनी काउंटरखालून माझा हात दाबला होता. हे किती महिने चाललं मला आठवत नाही, बाबांना आठवतं.

ह्याच दुकानावर, ह्याच माणसांना घेऊन त्याच वर्षी ‘ब्लू इन द फेस’ नावाचा दुसरा पिक्चर पण केलाय त्यांनी, बराचसा ऐनवेळी सुचेल तसं बोलून. तो गमतीचा आहे, वेळ असेल तर बघा, पण त्यात हे नाही.

‘स्मोक’ला माझ्याकडून ५ पैकी साडेचार, अर्धा रूबीसाठी कापला. सबटायटल लावून बघा, आणि शक्य असेल तर दुकान चालवलेल्या कोणाबरोबर तरी बघा, काका, आजोबा, शेजारचे कोणी. नावं संपेपर्यंत टीव्ही बंद करू नका.

सगळं संपल्यावर मी दिवे लावले, साडेबारा वाजून गेले होते. बाबा उठले, पाण्याचा तांब्या घेतला, आणि आत जाता जाता दारात थांबले. म्हणाले, "एवढा वेळ तो हॉटेलात बसून गोष्ट सांगत होता, तर गल्ल्यावर कोण होतं?" मग स्वतःच म्हणाले, "तो झाडू मारणारा साधा पोरगा असेल. त्याच्यावर विश्वास आहे त्याचा."